इंटरनेट आपल्या घरी कोणत्या वाटेने येते?

शिष्यवृत्तीचा अर्ज, जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज, सातबाराचा उतारा, पिकाची नोंद, धान विक्रीची नोंदणी, कॉलेज प्रवेशाच्या याद्या ही सारी कामे एकेकाळी कचेरीच्या खिडकीवर होत असत. आज त्यांतील बहुतेक कामे इंटरनेटवर गेली आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवरच भरावा लागतो. २०२१ सालापासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. खिडकी बदलली, आणि तिच्यापर्यंत जाण्याचा रस्ताही बदलला. तो रस्ता म्हणजे आपल्या घरी येणारे इंटरनेट. तो खडबडीत असेल तर शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता अर्ज अडकतो, आणि एका मुलाचे वर्ष अडचणीत येते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कचेरी सुटल्यावर वस्तीतील मुलामुलींचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही काही मित्र मिळून करतो. तेथे पालक मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : "साहेब, घरी इंटरनेट घ्यायचे आहे, कोणत्या कंपनीचे घेऊ?" आमचे म्हणणे असे की, हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा विचारावा : इंटरनेट आमच्या घरात शेवटच्या टप्प्यात कशातून येणार? तांब्याच्या तारेतून, केबलमधून, काचेच्या धाग्यातून, हवेतून, की थेट उपग्रहावरून? या पाच वाटांची ओळख झाली की जाहिरातीला भुलण्याचे कारण उरत नाही.

तलाव, पाट आणि बांधी

आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला ही गोष्ट समजायला कठीण नाही. आपल्याकडे मामा तलाव आहेत, इटियाडोहचा कालवा आहे. तलाव तुडुंब भरलेला असला तरी पाटाच्या शेवटच्या टोकाच्या बांधीत पाणी पोचेलच असे नाही. पाट कच्चा असेल, मध्ये फुटला असेल, किंवा वरच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी पाणी घेतले, तर टोकाचा माणूस आभाळाकडे पाहत बसतो.

इंटरनेटचेही तसेच आहे. मोठे कालवे आपल्या जिल्ह्यातून जातात. हावडा-मुंबई रेल्वेमार्ग तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा असा जातो, आणि रेल्वेच्या रुळांच्या कडेने काचेच्या धाग्याची केबल टाकण्याची पद्धत देशभर आहे. रेल्वेची रेलटेल ही कंपनी त्याच केबलवर उभी आहे. महामार्गांच्या कडेनेही अशा केबली जातात, आणि मुंबई-कोलकाता महामार्ग आपल्या सडक अर्जुनी व देवरी तालुक्यांतून जातो. म्हणजे ज्ञानाची गंगा दारावरून वाहते आहे. प्रश्न शेवटच्या पाटाचा आहे. तो पाट कशाचा बनलेला आहे, त्यावर आपल्या घरचा वेग ठरतो.

ब्रॉडबँड कशाला म्हणावे?

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवून जोडणी घ्यावी लागे. इंटरनेट चालू असेपर्यंत फोन एंगेज राहत असे, आणि वेग जास्तीत जास्त ५६ केबीपीएसच्या घरात. एक फोटो उघडेपर्यंत चहा होऊन जाई.

सतत चालू राहणारी आणि रुंद वाट असलेली जोडणी म्हणजे ब्रॉडबँड. सरकारने २००४ सालच्या धोरणात किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले. २०१३ साली ही मर्यादा ५१२ केबीपीएस झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. म्हणजे आज २ एमबीपीएसपेक्षा कमी वेग मिळत असेल, तर सरकारी व्याख्येप्रमाणे ते ब्रॉडबँड नव्हे. हा आकडा घरातील सर्वांनी पाठ करून ठेवावा.

आता पाच वाटा एकेक करून पाहू.

पहिली वाट : तांब्याची तार

घरात जुना टेलिफोन असेल तर त्याची तांब्याची जोडतार एक्स्चेंजपर्यंत जाते. बोलण्याचा आवाज या तारेचा थोडाच भाग वापरतो. उरलेल्या भागातून इंटरनेट पाठवण्याच्या पद्धतीला डीएसएल म्हणतात. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये 'डेटावन' नावाने ही सेवा सुरू केली, आणि अनेक गावांनी ब्रॉडबँड पहिल्यांदा पाहिले ते असे. फोनवर बोलता बोलता इंटरनेट चालते, ही तेव्हा नवलाई होती.

या वाटेचा मोठा दोष अंतराचा. एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला चांगला वेग, तीन-चार किलोमीटरवरच्या टोलीला त्याच पैशात रडतखडत चालणारे इंटरनेट. तारेचे जुने जोड गंजतात, पावसात पाणी शिरते, वीज कडाडली की मॉडेम जळते. त्यामुळे ही वाट आता मागे पडत चालली आहे आणि तिच्या जागी काचेचा धागा येतो आहे. आज कोणी नवीन जोडणी म्हणून तांब्याची तार देऊ लागले, तर गावात दुसरे काय मिळते ते आधी पाहावे.

दुसरी वाट : केबलवाल्याची तार

गोंदिया शहरासारख्या ठिकाणी टीव्हीची केबल आली, आणि पुढे त्याच धंद्यातून इंटरनेटही आले. यात दोन प्रकार आहेत. एकात टीव्हीच्या जाड, गोल केबलमधूनच इंटरनेट येते. दुसऱ्यात खांबावर एक पेटी असते, आणि तिच्यातून संगणकाची निळी किंवा करडी तार घरात येते.

दोन्हींत एक गोष्ट समान आहे. गल्लीतील सर्व घरे एकाच पाटावर असतात. दुपारी वेग चांगला आणि रात्री आठ ते अकरा मंद, असा अनुभव येतो तो याचमुळे. दुसऱ्या प्रकारात तारेची मर्यादा १०० मीटरची असते, आणि खांबावरच्या पेटीला वीज लागते. आपल्या घरी वीज असून पेटीकडची गेली, तरी इंटरनेट बंद. तार धातूची असल्याने विजांचा धोकाही राहतो. केबलवाला ओळखीचा असतो, हाकेसरशी येतो, ही त्याची जमेची बाजू. परंतु जोडणी घेताना "तुमच्या पेटीला बॅटरी आहे का?" हे जरूर विचारावे.

तिसरी वाट : काचेचा धागा

यालाच फायबर म्हणतात. केसाहून बारीक अशा काचेच्या धाग्यातून विजेऐवजी प्रकाश धावतो. प्रकाश असल्यामुळे अंतराची अडचण फारशी राहत नाही. केंद्रापासून सुमारे २० किलोमीटरपर्यंत एकच धागा जाऊ शकतो. मध्ये एक छोटी पेटी असते, ती एका धाग्यातील प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटून देते. या पेटीला वीज लागत नाही. काच असल्यामुळे धाग्यावर विजेचा परिणाम होत नाही. येथेही पाट सामायिकच असतो, परंतु तो इतका रुंद असतो की शेजाऱ्याने पाणी घेतले तरी आपली बांधी कोरडी पडत नाही. सध्या जास्त प्रचलित असलेल्या पद्धतीत या एका धाग्यातून सुमारे अडीच हजार एमबीपीएस घरांकडे येऊ शकतात.

मग यात उणीव काय? पहिली : रस्ता रुंदीकरणात किंवा नळाच्या खोदकामात धागा तुटला, तर तो गाठ मारून जोडता येत नाही. त्यासाठी खास यंत्र घेऊन माणूस यावा लागतो. दुसरी : धागा काटकोनात वाकवला तर प्रकाश बाहेर सांडतो. म्हणून दाराच्या फटीत, खिडकीत, खिळ्याखाली तो चेपू नये. तिसरी : घरातल्या डब्याला वीज लागते. जुना टेलिफोन वीज गेली तरी चाले, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधूनच येत असे. फायबरचा डबा तसा चालत नाही. त्यासाठी बाजारात १२ व्होल्टचे छोटे बॅकअप मिळतात. भारनियमन असलेल्या गावात तो खर्च व्यर्थ जात नाही.

जोडणी देणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारावा : "लाइट किती येते?" त्याच्याजवळ प्रकाश मोजण्याचे यंत्र असते. आकडा उणे ८ ते उणे २७ च्या दरम्यान असावा. उणे २७ च्या पलीकडे गेला तर जोडणी आज चालेल आणि उद्या बंद पडेल. डब्यावर लाल दिवा लागला तर धाग्यात प्रकाश येत नाही असे समजावे, आणि तक्रार करताना नेमके तेवढेच सांगावे.

चौथी वाट : हवा

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांचे इंटरनेट म्हणजे मोबाईल. टॉवरपासून हातातील फोनपर्यंत ते हवेतून येते. ४जी २०१६ नंतर घरोघर पोचले, ५जी सेवा देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. बीएसएनएलने देशी बनावटीची ४जी यंत्रणा २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशाला अर्पण केली. ज्या गावांत ४जी नाही अशा सुमारे २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलातील गावांना अशा योजनांचे महत्त्व सांगायला नको.

हवेच्या वाटेला खोदकाम लागत नाही, ही तिची सोय. पण जंगल, डोंगर, जाड मातीच्या भिंती, टिनाचे छत यांनी लहरी अडतात. पावसाळ्यात ओल्या पानांनी वेग आणखी उतरतो. टॉवरवरील सर्व माणसे एकच वाट वाटून घेतात, म्हणून यात्रेच्या दिवशी फोन लागत नाही.

२०२३ पासून 'एअरफायबर' नावाच्या सेवा आल्या आहेत. छतावर एक चपटा डबा बसवतात, तो टॉवरकडून लहरी घेतो आणि घरात वायफाय देतो. नावात फायबर आहे, परंतु शेवटचा टप्पा हवेचाच आहे, हे लक्षात असू द्यावे. टॉवर जवळ असेल आणि मध्ये आंब्या-मोहाची दाटी नसेल, तर ही सेवा चांगली चालते. पैसे भरण्याआधी त्याच छतावर, त्याच कंपनीच्या फोनवर, रात्री नऊ वाजता वेग तपासून पाहावा. ट्रायचे 'मायस्पीड' नावाचे ॲप त्यासाठी फुकट मिळते.

पाचवी वाट : उपग्रह

जेथे तार नाही, टॉवर नाही, तेथे उपग्रह. जुन्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. निरोप वर जाऊन खाली येणे, आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने परतणे, यात सुमारे अर्धा सेकंद जातो. पान उघडायला हे चालते, समोरासमोर बोलताना खटकते. धागा नेणे अवघड अशा काही ग्रामपंचायतींना याच मार्गाने जोडले आहे. नव्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, म्हणून विलंब फार कमी होतो. अशी सेवा देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला भारत सरकारने जून २०२५ मध्ये परवाना दिला. तथापि उपग्रहाला उपकरणाचा खर्च मोठा असतो. जेथे पहिल्या चार वाटा नाहीत, तेथेच या वाटेचा विचार करावा.

आकड्यांचा गोंधळ

जाहिरातीत '१०० एमबीपीएस' असे लिहिलेले असते. हा आकडा बिट्समध्ये आहे. फाईलचा आकार बाइट्समध्ये मोजतात, आणि ८ बिट्सचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. '१०० पर्यंत' या 'पर्यंत' शब्दाकडेही लक्ष असावे.

एका मुलाच्या ऑनलाइन वर्गाला चांगल्या चित्रासह साधारण अडीच एमबीपीएस लागतात. तासाभरात हा हिशेब सुमारे ११०० एमबीवर, म्हणजे एक जीबीच्या वर जातो. दररोज दीड जीबीच्या मोबाईल पॅकवर दीड तास वर्ग झाला की त्या दिवसाचे इंटरनेट संपले. घरात शिकणारी दोन मुले असतील तर पॅकचा आणि जोडणीचा महिन्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. जोडणीच्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही धरावा. ठरावीक जीबी वापरल्यानंतर वेग किती कमी होतो, आणि आपल्याकडून पाठवण्याचा वेग किती आहे, हेही विचारावे. कागदपत्रे अपलोड करताना हा दुसरा वेगच कामी येतो.

आणखी एक गोष्ट. वायफाय आणि इंटरनेट एक नव्हेत. वायफाय हा घरातल्या घरातला पाट आहे. डबा कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे ठेवला तर दोष कंपनीचा नव्हे. तो घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा.

जोडणी खिशाची की घराची?

कुटुंबाच्या दृष्टीने आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हा आहे. मोबाईलचे इंटरनेट ज्याच्या खिशात फोन त्याचे असते. घरात एकच चांगला फोन असेल तर तो सकाळी वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. संध्याकाळी परत आला की आधी मुलाच्या हाती पडतो. मुलीची पाळी शेवटी. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे चित्र घरोघरी दिसले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातील ग्रामीण भागात १०० पैकी जेमतेम १५ कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, शहरी भागात ४२. त्यानंतर मोबाईल पुष्कळ वाढले. पण मोबाईल वाढणे आणि मुलीला अभ्यासाला दोन तास मिळणे, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

तारेची जोडणी घरात राहते. ती कोणाबरोबर बाहेर जात नाही. जुना, बॅटरी उतरलेला फोनही तिच्यावर चालतो. म्हणून शिकणारी मुले असलेल्या घराने परवडत असेल तर फायबरच घ्यावे, आणि एका घराला परवडत नसेल तर मोहल्ल्याने मिळून अभ्यासिकेत घ्यावे, असे आमचे मत आहे.

न्यायालयांनीही या प्रश्नाचे गांभीर्य ओळखले आहे. केरळमध्ये वसतिगृहात ठरावीक वेळी मोबाईल वापरण्यास बंदी होती. त्याविरुद्ध एक विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काशी जोडला. केरळ सरकारने तर जून २०२३ मध्ये स्वतःचे फायबर जाळे सुरू केले, आणि २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले.

आपल्या ग्रामपंचायतीतील पेटी

आपल्याकडेही सरकारी पाट खोदलेला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचेचा धागा नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट नाव मिळाले. प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस, असा तिचा संकल्प होता. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. ४ ऑगस्ट २०२३ रोजी सुधारित योजनेला १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. या योजनेत ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतचा शेवटचा धागा गावातील उद्योजकाने टाकावा आणि उत्पन्नात वाटा घ्यावा, अशी तरतूद आहे. त्याला भारतनेट उद्यमी म्हणतात. गावातील एखाद्या आयटीआय झालेल्या मुलाला हा रोजगार होऊ शकतो.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत तर किराणा दुकानदारही आपल्या जोडणीवरून लोकांना स्वस्तात वायफाय देऊ शकतो. त्यासाठी परवाना किंवा नोंदणी फी लागत नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढील ग्रामसभेत चार प्रश्न लेखी विचारा. आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेटचा धागा पोचला आहे काय? पेटी चालू आहे काय? तिच्या विजेचे बिल कोण भरतो? शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि अभ्यासिका यांना तिच्यातून जोडणी दिली आहे काय? उत्तर मिळाले नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. घरच्या जोडणीची तक्रार असेल तर कंपनीकडून तक्रार क्रमांक घ्या. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. त्याला फी लागत नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवशी भरते. त्या दिवशी आईवडिलांनी आपल्या शिकणाऱ्या मुलीलाही बरोबर न्यावे, आणि मतदार झाली असेल तर हे चार प्रश्न तिलाच वाचू द्यावेत. अर्ज तिचा अडतो, तर प्रश्नही तिनेच विचारावा.